रिडेव्हलपमेंटमध्ये केबलची लाइन हवी की नुसतं फायबर पुरे?

डहाणूकरकर
कोथरूडमधल्या आमच्या जुन्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलंय. बिल्डरच्या सोयींच्या यादीत प्रत्येक फ्लॅटला फायबर आहे, पण केबल टीव्हीची लाइन नाही आणि गच्चीवर डिशसाठी जागाही नाही. सभेत विचारलं तर म्हणाले, "आता केबल कोण बघतं?" तरुण सभासदांनी लगेच माना डोलावल्या. माझा याला ठाम विरोध आहे.

आमच्याकडे निम्म्या घरांत सत्तरीच्या पुढची माणसं राहतात. त्यांना चॅनेलचे नंबर पाठ आहेत. संध्याकाळी बातम्या, मग मालिका, सगळं रिमोटच्या दोन बटणांवर. शिवाय केबलचं बिल एक, आणि त्यावर नियामकाचा धाक. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे दर लागू झाले तेव्हा १०० चॅनेलचं मूळ भाडं जास्तीत जास्त १३० रुपये होतं, जीएसटी धरून १५३. पुढे तेवढ्याच पैशांत २०० चॅनेल द्यावे लागले. भाड्याची ती मर्यादा २०२४ मध्ये काढली हे खरं, पण प्रत्येक पे चॅनेलची किंमत आजही जाहीर करावी लागते. अ‍ॅपवाल्यांना विचारणारं कोण आहे? क्रिकेट एका अ‍ॅपवर, मराठी मालिका दुसऱ्यावर, सिनेमा तिसऱ्यावर. २०२३ चं आयपीएल फुकट दाखवून लोकांना सवय लावली. मग दोन मोठी अ‍ॅप एक होऊन फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं, आणि आता पूर्ण सामना बघायचा तर पॅक लागतो.

तुमच्याकडे नव्या इमारतीत काय केलंय ते सांगा.

बाणेर_टेकडी
काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, केबलचे ते दिवस मला अजिबात परत नकोत. आमच्या भागात एकच केबलवाला होता, दुसरा कुणी पाय ठेवू शकत नव्हता. पावसात चित्र गेलं की दोन-दोन दिवस फोन उचलायचा नाही. आणि २०१९ च्या दरांचं म्हणाल तर त्यात ग्राहकाचं फार भलं झालं नाही. बुकेत, म्हणजे चॅनेलच्या एकत्र संचात, टाकायच्या चॅनेलची किंमत १९ रुपयांपर्यंत असावी असा नियम आला, आणि लोकांना हवी असलेली बहुतेक चॅनेल नेमकी १९ रुपयांनाच लावली गेली. एकेक चॅनेल वेगळं घेणं महाग पडावं आणि आपण पूर्ण बुके घ्यावा, हाच त्यातला हिशोब.

लोकांनी आपला निर्णय दिलेला आहे. २०२० च्या शेवटी देशात डीटीएचचे पैसे भरणारे ग्राहक ७ कोटींच्या आसपास होते, २०२५ पर्यंत ते ६ कोटींच्या खाली आले. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ च्या हक्कांचा लिलाव झाला तेव्हा भारतापुरते टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना गेले आणि डिजिटलचे २३,७५८ कोटींना. पैसा कुठे चाललाय हे बिल्डरलाही कळतं. मी काय बघायचं आणि किती वाजता बघायचं हे दुसऱ्या कुणी का ठरवावं?

वारज्याची_लेक
तुम्ही म्हणता ती निवड ज्याच्या हातात फोन आणि पासवर्ड आहे त्याची. माझ्या आईचा टीव्ही सांगते. लावला की आधी अ‍ॅपच्या चौकोनांची रांग येते. त्यातलं एक दाबलं की "कोण बघतंय?" म्हणून चार गोल, त्यातल्या दोघांवर नातवंडांची नावं. चुकून भलत्यावर बोट पडलं की कार्टून सुरू. मध्येच लॉगिन संपतं आणि ओटीपी जातो भावाच्या फोनवर. भाऊ कॅनडात, इथली संध्याकाळ म्हणजे तिथली भल्या पहाटेची वेळ. मग ती बंद टीव्हीसमोर माझ्या फोनची वाट बघत बसते. अशीच आधी बँक गेली, मग लाइटबिल गेलं. एवढी एक गोष्ट अजून ती स्वतःची स्वतः करत होती.

बाणेर_टेकडी
ताई, हे वाचून वाईट वाटलं, पण यावर उपाय आहे. बऱ्याच टीव्हींत सुरू होताच ठरावीक अ‍ॅप उघडेल अशी सोय असते, आणि लाइव्ह चॅनेल अ‍ॅपवरही लागतात. घरच्यांनी एकदा बसून लावून दिलं तर होतं. त्यासाठी अख्ख्या इमारतीत दुसरी वायर टाकणं मला पटत नाही.

वारज्याची_लेक
एकदा नाही हो. अ‍ॅपचं रूप दर थोड्या दिवसांनी बदलतं. चॅनेलचा नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो.

गल्लीतला_केबलवाला
मी ऑपरेटर आहे, म्हणून थोडं लांबलचक लिहितो. "फायबर की केबल" हा प्रश्नच चुकीचा मांडला गेलाय. फायबरच्या एकाच धाग्यावरून दोन्ही येतात. इंटरनेट १३१० आणि १४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर चालतं, टीव्हीचा सिग्नल १५५० वर वेगळा सोडतात. घरात जो ओएनयू, म्हणजे फायबर जोडायचा डबा, बसतो त्याला टीव्हीचं आउटपुट असलेलं मॉडेल घ्यायचं, त्यातून नेहमीच्या टीव्ही केबलसारखी छोटी कोअ‍ॅक्स वायर सेट टॉप बॉक्सला जोडायची. झालं काम. वाटेत कुठे अ‍ॅम्प्लिफायर नाही, त्यामुळे खांबावरची लाइट गेली म्हणून चित्र जात नाही. बिल्डरला याचा वेगळा खर्च जवळजवळ नाही.

बाणेरच्या साहेबांचा राग मला समजतो, तसे ऑपरेटर होते. पण आमची बाजूही ऐका. पुण्यात केबल डिजिटल करायची, म्हणजे सेट टॉप बॉक्स लावायची, मुदत ३१ मार्च २०१३ होती. तोवर आमची स्वतःची कंट्रोल रूम होती. त्यानंतर सिग्नल मोठ्या कंपनीचा आणि बॉक्सही त्यांचाच, आमच्याकडे राहिली फक्त वायर आणि वसुली. वेगळा करार नसेल तर मूळ भाड्यातले ५५ टक्के त्यांचे, ४५ आमचे. आज घर चालतं ते इंटरनेटच्या कनेक्शनवर. तरी टीव्ही सोडवत नाही. लक्ष्मी रोडवरची विसर्जन मिरवणूक लोकल चॅनेलवर दाखवायचो तेव्हा पलंगावरून उठता न येणारी माणसं मानाचे पाच गणपती बघायची. पुढच्या वर्षी "दादा, दाखवणार ना?" म्हणून फोन यायचे.

आणि मोठ्या सामन्याच्या दिवशी फरक कळतो. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक बघणाऱ्याला वेगळा प्रवाह पाठवावा लागतो. २०२३ च्या वर्ल्डकप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते, त्यांनी ते पेललं हे मोठंच काम. पण त्यासाठी केवढी यंत्रणा उभी करावी लागते! केबलवर एक घर असो की हजार, सिग्नल तोच.

सिंहगडरोड_७३
सगळे पैशांच्या टीव्हीबद्दलच बोलताय. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यात मुंबई दूरदर्शन दिसायला लागलं, तेव्हा महिन्याचं रिचार्ज नावाची भानगड नव्हती. आजही डीडी फ्री डिशला मासिक वर्गणी नाही, एकदा डिश आणि बॉक्स घेतला की सह्याद्री, बातम्या, सगळं मोफत. २००७ च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल दूरदर्शनला द्यावाच लागतो, पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरता आणि फ्री डिशपुरता ठेवला. खासगी केबलवरच्या डीडी चॅनेलवर तो मिळत नाही. म्हणून डहाणूकरकर, गच्चीवर एक सामायिक डिश मागाच. वॉचमनच्या खोलीतही टीव्ही लागेल.

हडपसर_मगरपट्टा
गच्ची सोलरला हवी आहे, डिशला नाही. आणि मालिका वाचवण्यासाठी केबल ठेवायची असेल तर माझं मत आताच विरोधात मोजा. रोज तेच कट-कारस्थान बघून आमच्या घरातली भांडणं वाढली.

वारज्याची_लेक
मालिका तुम्हाला नकोत, नका बघू. पण अल्फा मराठी (आताचं झी मराठी) १९९९ मध्ये आलं तेव्हापासून नटांना, लेखकांना, कॅमेऱ्यामागच्या माणसांना रोजचं काम मराठी चॅनेलनी दिलं. मोठी परदेशी अ‍ॅप मराठीत किती करतात? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. जाहिराती तिकडे वळल्या आणि चॅनेल आटली तर मराठीत रोज काही बनवायला पैसे कोण घालणार, हे मला बाणेरच्या दादांकडून ऐकायचंय.

बाणेर_टेकडी
याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. यूट्यूबवर गावोगावची मराठी पोरं चॅनेलच्या दारात न जाता काम करतायत, मला त्यात आशा दिसते. पण त्यांतल्या बहुतेकांना पगारासारखं काही मिळत नाही, हेही खरं आहे.

केबलवाले दादा, १५५० चं तुमचं पटलं. काका, फायबरवरून टीव्ही येत असेल तर माझा विरोध नाही. अट एकच. आमच्या इमारतीत बिल्डरने एकाच इंटरनेट कंपनीशी करार केला, डक्टची, म्हणजे वायरी नेण्याच्या पोकळीची, किल्ली त्यांच्याकडे, आज दर वाढवले तरी आम्ही गप्प. तुमच्या करारनाम्यात डक्ट सोसायटीच्या ताब्यात राहील आणि किमान दोन ऑपरेटरांना वायर टाकता येईल असं लिहून घ्या.

डहाणूकरकर
दोन्ही मुद्दे लेखी घालतो. गच्चीवरची डिशही मागणार आहे, सोलरच्या पॅनेलशेजारी तेवढी जागा निघते. दादा, टीव्ही आउटपुटवाल्या ओएनयूचं नेमकं काय लिहायचं ते रविवारच्या सभेआधी इथे टाकाल का? बिल्डरचा इंजिनिअर "असं काही नसतं" म्हणाला तर दाखवायला हवं.