मे महिन्यात डायव्हिंगला कुठे? सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

अमेय (सी-३०३): मंडळी, कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबाचं पहिलं सर्टिफिकेट घेतलं, त्यानंतर कुणी पाण्यात उतरलेलं नाही. मेच्या सुट्टीत एकत्र जाऊया का? उबदार पाणी हवं, थंडीत कुडकुडायचं नाही. माझं मत मालदीवला. आधी व्हिसा काढायला नको आणि विमानाने तीन तासांत पोहोचतो.

शिल्पा (ए-६०४): मी आणि सई नक्की. पण मेमध्ये तिकडे पाऊस नसतो का?

कदम भाऊ (बी-२०१): एवढ्या लांब कशाला? आमच्या मालवणात या. तारकर्लीला एमटीडीसीचं डायव्हिंग सेंटर आहे, राहायला आमचं घर आहे, जेवायला आईच्या हातची सोलकढी आणि मासे.

देशपांडे काका (ए-१०१): मी अंदमान म्हणतो. आपला देश, आपली भाषा समजणारी माणसं, आणि सेल्युलर जेलचंही दर्शन होईल. वयाच्या बासष्टीत सर्टिफिकेट काढलंय, ते वापरायचंय.

अमेय (सी-३०३): मंजिरीताई, तुम्ही बोला. आमच्यात तुम्हीच खूप डायव्हिंग केलंय.

मंजिरी (बी-४०२): ऑफिसमध्ये होते, आत्ता सगळं वाचलं. माझं म्हणणं असं की जागा सगळ्यात शेवटी ठरवावी. आधी महिना बघायचा, मग आपल्यातला सगळ्यात नवखा डायव्हर कोण ते बघायचं. तेवढं केलं की यादी आपोआप लहान होते.

महिना मे. काका, दर वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पेपरात बातमी येते, ‘मान्सून अंदमानात दाखल’. आपण ती वाचून खूश होतो, पण हॅवलॉकच्या म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या डायव्हर्ससाठी ती सीझन संपल्याची बातमी. तिथे जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत आणि पाणी स्वच्छ असतं. मेच्या पहिल्या आठवड्यात जमेल कदाचित, पण वारा आधीच सुटला तर फेरी रद्द होतात आणि आपण श्री विजयपुरमला अडकून बसू. मालदीवचंही तसंच. तिथला कोरडा काळ डिसेंबर ते एप्रिल. मेपासून नैऋत्य मोसमी वारे सुरू होतात. डायव्हिंग बंद होत नाही, पण पाऊस, लाटा आणि प्लवकांनी (पाण्यातल्या सूक्ष्म जीवांनी) गढूळलेलं पाणी यांची तयारी ठेवायला लागते.

अमेय (सी-३०३): पण मांटा रे, ते पंख पसरल्यासारखे मोठे मासे, पावसाळ्यातच येतात ना तिकडे? हनिफारू बे?

मंजिरी (बी-४०२): बरोबर, प्लवक येतात म्हणूनच मांटा येतात. पण हनिफारूत स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग, म्हणजे पाण्यावर तरंगत खाली बघणं, करता येतं. आणि मालदीवचे नावाजलेले डाइव्ह खाडीतले. दोन प्रवाळबेटांमधल्या खिंडीतून समुद्र आत-बाहेर खेचला जातो, तिथे शार्क बघायला कड्याला हूक लावून थांबायचं. तुला आवडेल हे मला माहीत आहे. पण आपल्यात सई आहे.

शिल्पा (ए-६०४): सईचं काय, ताई? तिने कोर्स छान केला होता.

मंजिरी (बी-४०२): फारच छान केला. पोहण्यात ती आपल्या सगळ्यांपेक्षा सरस आहे. पण ती अकरा वर्षांची, ज्युनिअर ओपन वॉटर. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, आणि सोबत सर्टिफिकेट असलेले आई-वडील किंवा इन्स्ट्रक्टर लागतात. आपल्याला सगळ्यांना १८ मीटर. आता हॅवलॉकचे नावाजलेले पॉइंट बघा. डिक्सन्स पिनॅकलचा माथाच साधारण १६-१८ मीटरवर आहे, जॉनीज गॉर्ज त्याहून खोल. म्हणजे सईने होडीत बसून राहायचं आणि बाकीच्यांनी टोकाला जाऊन परत यायचं. मला हे पटत नाही. ज्या जागी १२ मीटरवर उतरणाऱ्या मुलीलाही तेच दिसेल जे आपल्याला दिसेल, ती आपली जागा.

कदम भाऊ (बी-२०१): मालवणला खोल पाणी नाहीच. किल्ल्याजवळ सात-आठ मीटर. सईला चालेल.

मंजिरी (बी-४०२): कदम भाऊ, मालवणला मी जाणारच, पण दिवाळीनंतर, तेव्हा पाणी जरा निवळलेलं असतं. मे अखेरीला तर तिथल्या होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात. आणि तुमच्याच समुद्रात विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं प्रवाळ पठार. त्याचा माथा वीसेक मीटरवर. आपण अॅडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स केल्यावर तिथे जायची इच्छा मी मनात धरून आहे.

कदम भाऊ (बी-२०१): लिहून ठेवलं. दिवाळीनंतर घर तुमचं.

मंजिरी (बी-४०२): माझं मत बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या तुलांबेनला. तिथला कोरडा ऋतू साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे आपल्याकडे आभाळ भरून येतं तेव्हा तिथे मोकळं असतं. मेमध्ये पाणी २७-२८ अंशांच्या आसपास, तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो.

आणि तिथे ‘लिबर्टी’ आहे. अमेरिकन लष्कराची मालवाहू बोट. जानेवारी १९४२ मध्ये लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला, ओढत आणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर लावली. वीस वर्षं ती तिथेच पडून होती. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला, त्या हादऱ्यांनी ती घरंगळून पाण्यात गेली. आता तिचा वरचा भाग पाचेक मीटरवर आणि खालचा तीसच्या आसपास. १२ मीटरवर सईला जितकं दिसेल, तितकं बघून कुणाचंही मन भरेल.

देशपांडे काका (ए-१०१): होडीने जायचं का? मला होडी लागते.

मंजिरी (बी-४०२): होडी नाहीच काका, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. तिथल्या गावातल्या बायका टाकीसह सगळं सामान डोक्यावर घेऊन किनाऱ्यापर्यंत आणतात. एक-एक टाकी दहा-बारा किलोच्या पुढे, आणि खाली सगळे गोल काळे दगड, तरी त्या अनवाणी किंवा साध्या चपलांवर चालत येतात. आपल्याला तेच दगड जड जातात. लाट मागे जाताना दगड खडखडत पायाखालून सरकतात. म्हणून जाड तळव्याचे बूट हवेत, आणि पायातले फिन किनाऱ्यावर घालायचे नाहीत, कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर घालायचे. काका, तुमचा हात धरायला मी असेन.

आत गेल्यावर उतार सुरू होतो, काळी ज्वालामुखीची वाळू. त्या वाळूत गार्डन ईल उभ्या असतात, वाऱ्यात डोलणाऱ्या ज्वारीच्या ताटांसारख्या. आपण जवळ गेलो की एकेक करून बिळात शिरतात, आणि थोडा वेळ श्वास शांत ठेवून थांबलं की पुन्हा वर येतात. मग समोर बोटीचं धूड दिसतं. लोखंड आता फारसं दिसत नाही, सगळीकडे मऊ प्रवाळ आणि पंख्यासारखे समुद्रपंखे. वर रुपेरी माशांचा थवा गोल फिरत असतो.

शिल्पा (ए-६०४): हे वाचून सई आत्ताच बॅग भरायला लागलीय. तिथे गर्दी असते का?

मंजिरी (बी-४०२): सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला दक्षिण बालीतून दिवसभराच्या सहली येतात, तेव्हा बोटीजवळ रांग लागल्यासारखं होतं. त्यावर उपाय एकच, मुक्काम तुलांबेनलाच करायचा. सहाला पाण्यात शिरायचं. रात्री बोटीत झोपलेले मोठे बंपहेड पॅरटफिश त्या वेळी बाहेर पडतात.

अमेय (सी-३०३): मला मान्य आहे. पण बालीत मांटा नुसा पेनिदा बेटाला आहेत, एक दिवस तिकडे?

मंजिरी (बी-४०२): तुझ्यासाठी वेगळा मार्ग आहे. तू आणि आपल्यातला शेखर तुलांबेनलाच अॅडव्हान्स्डचा कोर्स करा, मग ३० मीटरपर्यंत जाता येईल आणि लिबर्टीचा खालचा भाग बघता येईल. पेनिदाला प्रवाह जोराचे, पाणीही अचानक थंड होतं, कधी वीस अंशांच्या खाली. तिथे नवख्याने जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. अनुभव वाढवा, मांटा तिथेच आहेत.

अमेय (सी-३०३): ठीक, ताई. तुमच्या शब्दाबाहेर नाही.

नीता (सी-१०२): आम्ही डायव्हिंग न करणारे, आमचं काय? बातुर डोंगरावरचा सूर्योदय बघायचाय. आणि शाकाहारी जेवण?

मंजिरी (बी-४०२): टेंपे, टोफू, भात, गाडो-गाडो भरपूर. फक्त सांबाल या तिखट चटणीत सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट असते, ती ‘तेरासी’ नको म्हणून सांगायचं.

बातुरबद्दल सगळ्यांनी लक्ष द्या, हे फार महत्त्वाचं आहे. तो डोंगर १७१७ मीटरचा. डायव्हिंग केल्यावर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढ्यात उंचावर गेलं तर बुडबुडे होऊन दुखणं येतं. विमानाचा नियम तोच, अनेक दिवस डायव्हिंग केलं असेल तर किमान १८ तास थांबायचं. म्हणून बातुर आधी, डायव्हिंग नंतर, आणि शेवटचा दिवस समुद्रकिनाऱ्यावर मोकळा. तुलांबेनहून विमानतळाकडे येतानाही किंतामणीच्या घाटाने नको, समुद्राकाठच्या रस्त्याने. ड्रायव्हरला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं.

देशपांडे काका (ए-१०१): माझी बीपीची गोळी चालू आहे. चालेल ना?

मंजिरी (बी-४०२): काका, ते मी किंवा तुम्ही ठरवायचं नाही. आरोग्याचा फॉर्म असतो, त्यात बीपी, दमा, कानाचं ऑपरेशन असं विचारतात. बीपीला ‘हो’ असलं की डॉक्टरांची सही लागते. ती इथेच, निघायच्या महिनाभर आधी घ्या, तिथे गेल्यावर धावपळ नको. डॉक्टरांनी नाही म्हटलं तर तुम्ही स्नॉर्केलिंग करा, बोटीचा वरचा भाग पाचेक मीटरवर आहे, वरूनही दिसतो. पण फॉर्मवर खोटं लिहायचं नाही, हे मला तुमच्याकडून शब्द म्हणून हवंय.

देशपांडे काका (ए-१०१): दिला शब्द. उद्याच अपॉइंटमेंट घेतो.

मंजिरी (बी-४०२): आणि सर्दी झाली असेल तर कुणीही पाण्यात उतरायचं नाही, गोळी घेऊनही नाही. कान बसतात, पडदा फाटू शकतो. विमाही बघा. साध्या प्रवास विम्यात बऱ्याचदा स्कूबा वगळलेला असतो किंवा खोलीची मर्यादा असते. कागद वाचून घ्या, नाहीतर डायव्हर्सचा वेगळा विमा काढू.

शिल्पा (ए-६०४): व्हिसाचं कसं?

मंजिरी (बी-४०२): विमानतळावर मिळतो, ५ लाख रुपिया. शिवाय बालीचा १.५ लाखांचा पर्यटक कर, तो २०२४ पासून लागतो, ऑनलाइन भरता येतो. पासपोर्टला सहा महिने मुदत हवी. शिल्पा, सईचा बघून घे, लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत पाचच वर्षं असते.

शिल्पा (ए-६०४): बघितला. जुलैत संपतोय. उद्याच अर्ज करते.

अमेय (सी-३०३): मग मेचा दुसरा आठवडा? मी डायव्हिंग सेंटरना मेल करतो. काय काय विचारू?

मंजिरी (बी-४०२): एका गाईडमागे किती डायव्हर (चारपेक्षा जास्त नको), किनाऱ्यावर ऑक्सिजन असतो का, सईच्या मापाचं जॅकेट आणि वेटसूट आहे का, आणि पहिल्या दिवशी कोरल गार्डनच्या उथळ पाण्यात उजळणीचा डाइव्ह देतील का. दर शेवटी विचार.