डब ऐकताना गायक मध्येच गायब का होतो?

बायाँ_डग्गा
मंडळी, मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला, तबला वाजवतो पण तो भजनी मंडळापुरताच. रेगे म्हणजे बॉब मार्ली एवढंच ठाऊक होतं, तेही पोरांच्या टीशर्टवरून. आता पुतण्यानं मोबाईलवर लिस्ट लावून दिलीय त्यात डब म्हणून काहीतरी आहे, गायक दोन शब्द गातो नि आवाज विहिरीत पडल्यासारखा घुमत घुमत गायब, मग चार मिनिटं नुसता ठेका. मला वाटलं फाईलच खराब आहे. पुतण्या म्हणतो काका जाऊ द्या तुम्हाला नाही कळायचं. तर हे ऐकायचं कसं, आणि डान्सहॉल म्हणजे हेच का वेगळं? हसू नका.

कॅसेटकपाट
हसायचं कशाला काका, तबलजीला तर हे आधी कळायला हवं. पहिलं म्हणजे मोबाईल बाजूला ठेवा. त्याच्या स्पीकरमधून बेस येतच नाही आणि रेग्यात अर्धं गाणं बेसच गात असतो. मग सावकाश चार मोजा, एकवर काही नाही, दोनवर गिटारचं चक, तीनवर ड्रमचा ठोका, चारवर परत चक. याला वन ड्रॉप म्हणतात, बॉब मार्लीच्या वेलर्स बँडचा ड्रमर कार्लटन बॅरेट यातला उस्ताद. म्हणजे समेचीच जागा मोकळी! रूपक वाजवता ना तुम्ही? तिं तिं ना, सम नि खाली एकाच ठिकाणी आणि बायाँ गप्प. तशीच पोकळी समजा, फक्त सातच्या जागी चार.

आता गायक गायब होण्याचं. साठच्या दशकाच्या शेवटी जमैकातल्या किंग्स्टनमध्ये म्हणे एका रेकॉर्डवर गायकाचा आवाज घालायचाच राहून गेला, साउंड सिस्टिमवाल्यानं (रस्त्यावर स्पीकरच्या भिंती उभ्या करून रेकॉर्डी वाजवणारे हे लोक) ती तशीच लावली आणि पब्लिकनं स्वतःच गाऊन दंगा केला. मग रेकॉर्डच्या मागच्या बाजूला बिनआवाजाचं व्हर्जन टाकायची पद्धतच पडली. त्यात आला किंग टबी, मूळचा अँप्लिफायर नि रेडिओ रिपेअर करणारा माणूस, आपल्याकडे बोळात सोल्डरिंग गन घेऊन बसलेले असतात ना तसा. वॉटरहाउस भागात घरातच स्टुडिओ, साधं चार ट्रॅकचं मिक्सर, पण तो ते वाद्यासारखं वाजवायचा. गायकाचा फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) खाली, ड्रमला एको, बेस एकटाच पुढे. यालाच डब म्हणतात. १९७६ चा ऑगस्टस पाब्लोबरोबरचा अल्बम ऐका, किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन. पाब्लो मेलोडिका वाजवतो, म्हणजे तोंडानं फुंकायची पेटी समजा, तुम्हाला घरचंच वाटेल.

तीन_टाळी
डान्सहॉलचं मी सांगते, तो रेग्यातूनच पुढे निघालेला नाचायचा प्रकार. आपण बडोदेकर नऊ रात्री टाळ्या वाजवतो त्यामुळे मला ते डबच्या आधी कळलं. २००२ चा एक रिदम (म्हणजे तयार साथ, जिच्यावर वेगवेगळे गायक आपापलं गाणं गातात) आहे, नावच दिवाळी, लेंकी मार्सडेननं बनवलेला, त्यात मुख्य काम टाळ्यांचं. शॉन पॉलचं गेट बिझी त्यावरच, वेन वंडरचं नो लेटिंग गो पण त्यावरच, आणि बाकीच्यांचीही कितीतरी. याला चोरी म्हणत नाहीत हं तिकडे. भजनात नाही का, चाल एकच आणि त्यावर पाच अभंग बसवतात.

आणि कॅसिओ! १९८५ मध्ये वेन स्मिथ नि किंग जॅमी (हा टबीच्याच हाताखाली तयार झालेला) यांनी स्लेंग टेंग केलं ते कॅसिओ एमटी-४० कीबोर्डमधल्या तयार रिदमवर, बटण दाबलं की वाजणाऱ्या. तो रिदम कंपनीत बसून बनवला होता हिरोको ओकुदा नावाच्या जपानी बाईनं. तिथून पुढे डान्सहॉल कॉम्प्युटरचं झालं, ड्रमर नि बेसवाले बरेच घरी बसले. आपल्या लग्नातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी पण तेच केलं की.

स्पष्ट_बोलू_का
सगळं बरोबर पण डान्सहॉलचं नुसतं गोड गोड नको. नव्वदच्या दशकातल्या काही गाण्यांत समलिंगी लोकांना मारायच्या गोष्टी आहेत, ठेका कितीही भारी असला तरी मला ते ऐकवत नाही, मी पुढे ढकलते. सिस्टर नॅन्सीपासून सुरू करा, बॅम बॅम, १९८२. आणि एक गंमत, जमैकात डीजे म्हणजे माईकवर बोलणारा, रेकॉर्ड लावणारा तो सिलेक्टर. हे कळेपर्यंत मी अर्धी माहिती उलटीच वाचत होते.

कॅसेटकपाट
@स्पष्ट_बोलू_का हे मान्य. मी तर म्हणेन डान्सहॉल नंतर, आधी बर्निंग स्पिअरचा मार्कस गार्वी हा अल्बम, १९७५. पण माझं मत जुनाट आहे, सोडून द्या.

बायाँ_डग्गा
आज मंडळाचा गरब्याचा स्पीकर घरी आणला (एकच, जोडी नाही) आणि पाब्लो लावला. मजा पडली! बेस सुरू झाला तसा फडताळातल्या वाट्या किणकिणायला लागल्या, मी उठून एकात एक घातल्या तेव्हा थांबल्या. पहिल्या मात्रेला माझा हात तीनदा आपोआप मांडीवर पडला, चौथ्यांदा रोखला तेव्हा कुठे ते तीनवरचं बसलं. रूपकाचं एकदम पटलं. गायक गेला की बायाँ ऐकू येतो असं काहीसं वाटलं, म्हणजे बेस. पुतण्याला अजून सांगितलं नाहीये. बायको स्वयंपाकघरातून विचारत होती गाणं कधी सुरू होणार.

बाकी ती फुंकायची पेटी, मेलोडिका, बडोद्यात कुठे मिळेल? रावपुऱ्यात विचारलं तर दुकानदारानं माउथ ऑर्गन काढून दाखवला.