ओळींची वाटणी
मदतनिधीसाठीच्या गाण्यांत नामवंतांची नावेच विकली जातात, रचनेकडे कोणी पाहत नाही, असे म्हटले जाते; पण आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी अनेक अमेरिकी गायकांनी मिळून गायलेल्या ‘वी आर द वर्ल्ड’ या गाण्यापुरते तरी ते मत मला पटत नाही. कोणी कोणती ओळ म्हणायची, हे या गाण्याचे गायन-संयोजक टॉम बाहलर यांनी त्या त्या गायकाची आधीची ध्वनिमुद्रणे ऐकून, आवाजाचा पल्ला आणि पोत पाहून आगाऊ ठरवले होते. म्हणूनच एक-दोन ओळींना आवाज बदलूनही चाल कोठे तुटत नाही. २८ जानेवारी १९८५ रोजी पुरस्कार सोहळा आटोपून आलेल्या गायकांना एका रात्रीतच सारे उरकायचे असल्याने या पूर्वतयारीला पर्यायही नव्हता. तरीही बॉब डिलन आपल्या ओळीशी अडखळले, तेव्हा स्टीव्ही वंडर यांनी पियानोवर बसून खुद्द डिलन यांच्याच ढंगात ती म्हणून दाखवली. (स्वतःची नक्कल ऐकून गायक सावरल्याचे असे उदाहरण विरळाच.)

ध्रुवपद शेवटी फार लांबते, हा आक्षेप मात्र मान्य. पण रे चार्ल्स आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे मोकळे गाणे त्याच लांबीत सामावले आहे, त्यामुळे मला ती खटकत नाही.