प्रति: अमेरिकेत केंद्रीय निवडणूक आयोगच नाही?
हे वरचं विधान अर्धंच बरोबर आहे. आयोग आहे, पण आपल्यासारखा हुकूम सोडणारा नाही. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात ५३७ मतांचा फरक आणि अर्धवट भोकं पडलेल्या मतपत्रिका यांनी जो गोंधळ घातला, त्यातून २००२ चा ‘हेल्प अमेरिका व्होट ॲक्ट’ आला. त्याने जुनी पंचकार्ड (कार्डावर भोक पाडून मत नोंदवायची) यंत्रं बदलायला राज्यांना पैसे दिले आणि इलेक्शन असिस्टन्स कमिशन स्थापलं. नावातच मदत! यंत्रांचे निकष ते ठरवतं, पण पाळायचे की नाही ते राज्यांच्या मर्जीवर. चार जागा, निर्णयाला तीन मतं; डिसेंबर २०१० ते जानेवारी २०१५ तेवढे सदस्यच नव्हते.

प्रोव्हिजनल बॅलटचा, म्हणजे तात्पुरत्या मतपत्रिकेचा विषय मात्र या चर्चेत कोणी काढला नाही. आपल्याकडे यादीत नाव नाही म्हणजे विषय संपला, घरी जा. तिथे या कायद्यामुळे बहुतेक राज्यांत, आपण पात्र आहोत असं लिहून दिलं की मत देता येतं. ते वेगळं ठेवून नंतर तपासतात. ग्यानबाची मेख पुढे आहे: मोजायचं की नाही हे राज्याचा कायदा ठरवतो. चुकीच्या केंद्रावर दिलेलं मत काही राज्यांत अंशतः धरतात, काहींत अख्खं बाद.