निरोगी माणसाने टेस्टोस्टेरॉन घ्यावं का?
एकाने विचारलंय की वय ४२, तब्येत ठणठणीत, फक्त थकवा जाणवतो आणि रक्तात टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) ३८० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आलंय, तर इंजेक्शनं सुरू करावीत का. माझं स्पष्ट मत: नको. साधारण ३०० च्या वरचा आकडा नॉर्मलच धरतात. शिवाय रक्त दुपारी दिलं असेल तर तो कमी येऊ शकतो. सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासल्याशिवाय निदान करायचं नसतं.

अजून मूल हवं असेल तर हे फार गांभीर्याने घ्या. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच (वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स) सोडणं जवळपास थांबवते, वृषणांचं काम मंदावतं आणि शुक्रजंतू शून्यावरही जाऊ शकतात. औषध थांबवल्यावर पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात. जिममध्ये सल्ले देणारे हे सांगत नाहीत, याचा मला राग येतो.

टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांच्या हृदयावर काय परिणाम होतो हे पाहणाऱ्या २०२३ च्या ट्रॅव्हर्स अभ्यासात हार्ट अटॅक वाढले नाहीत, हे खरं. पण त्या पुरुषांत मुळात कमतरता होती, आणि तरीही औषध घेणाऱ्यांत हृदयाचे अनियमित ठोके व फुप्फुसातल्या गुठळ्या जास्त दिसल्या.

थकव्याचं कारण शोधायला आधी थायरॉइड, बी१२, हिमोग्लोबिन, शुगर बघा. घोरत असाल तर झोपेची तपासणी करा. पोट सुटलं असेल तर वजन उतरल्यावर हा आकडा बरेचदा आपोआप वर येतो.