मदत हवी आहे: डॉ. कोटणीस गेले ती तांग काउंटी १९४२ मध्ये कोणाच्या कारभाराखाली होती?

शेंगाचटणी:

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर भिंतीवरचं प्रदर्शन लावतोय. त्यांचं इथलं बालपण, मुंबईचं जी. एस. मेडिकल कॉलेज, १९३८ चं चीनच्या मदतीला गेलेलं पाच भारतीय डॉक्टरांचं पथक हा सगळा भाग तयार आहे. अडकलंय ते शेवटच्या फलकावर. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले ते गेगोंग गावात, तांग काउंटीत, हेबेई प्रांतात, एवढं ठिकठिकाणी मिळतं. पण या काउंटीची ओळख करून देणारा एक मजकूर मला हवाय आणि तिथे सगळा गोंधळ आहे.

नकाशावर 'तांग' टाकलं की तांगशान शहर येतं, ते तर पार समुद्राकडे. काही जण बाओदिंग जिल्हा म्हणतात, काही शिजियाझुआंग. एका जुन्या मराठी लेखात नुसतंच 'सीमा प्रदेश' लिहिलंय. एका मुलाने विचारलं की तांग राजघराणं इथलंच का, तर मी गप्प.

तर जाणकारांनी सांगावं: ही काउंटी किती जुनी, आज कोणाच्या हाताखाली आहे, आणि मुख्य म्हणजे १९४२ साली तिथे कारभार कोणाचा होता? फलकाला दोनशे शब्दांची जागा आहे. लांबण लागली तरी चालेल, कापाकापी मी करेन.

पेठेतला_वाचक:

तांगशानचं आधी मिटवू. त्याचा या काउंटीशी काही संबंध नाही. तांगशान हेबेईच्या पूर्वेला, १९७६ च्या भूकंपाचं. तुमची तांग काउंटी प्रांताच्या पश्चिमेला, तायहांग डोंगररांगेच्या पायथ्याशी. तिच्या जवळ आणखी एक शिंगतांग काउंटी आहे, ती शिजियाझुआंगखाली येते. नावं जवळची असल्याने नकाशावर खूण करताना सांभाळा.

शिजियाझुआंगचा घोळ मात्र समाधीमुळे होतो. कोटणीसांना आधी तांग काउंटीतच जुनचेंगच्या दक्षिण वेशीजवळ, कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या शेजारी पुरलं होतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दोघांच्याही अस्थी शिजियाझुआंगच्या उत्तर चीन लष्करी हुतात्मा स्मशानभूमीत हलवल्या. आज भारतीय पाहुणे फुलं वाहतात ती तिथे. मृत्यूची जागा एक, समाधीची दुसरी, आणि लिहिणारे दोन्ही एकाच वाक्यात घालतात.

नकाशेबाज:

छान धागा. लांबण लागणारच आहे, तुम्ही परवानगी दिलीच आहे.

आधी आजची उतरंड. वर हेबेई प्रांत. त्याखाली बाओदिंग, जे नावाला शहर असलं तरी प्रत्यक्षात आपल्या जिल्ह्यासारखं मोठं क्षेत्र आहे. त्याखाली तांग काउंटी, म्हणजे अंदाजाने आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याच्या जागी. त्याखाली वीसेक नगरं आणि ग्रामीण टापू, आणि मग गावं. काउंटीचं ठाणं रेनहोऊ या नगरात. क्षेत्रफळ सुमारे १४०० चौरस किलोमीटर, वस्ती पाच लाखांच्या आसपास. वायव्येकडे सगळा डोंगर, आग्नेयेकडे सपाट शेती. मधून तांग नदी येते, तिच्यावर १९५८ नंतर बांधलेला शिदायांग हा मोठा जलाशय आहे. डोंगराच्या बाजूला दाओमा खिंड. राजधानीकडे येणाऱ्या वाटा अडवायला महाभिंतीच्या आतल्या रांगेवर तीन नामांकित खिंडी होत्या, जुयोंग, झिजिंग आणि ही. 

आता वय. हान काळातल्या भूगोलाच्या नोंदीत तांग ही काउंटी झोंगशान राज्याखाली दिलेली आहे, म्हणजे नाव दोन हजार वर्षं तरी जुनं. झोंगशानचा एक राजा ल्यू शेंग, त्याची कबर १९६८ मध्ये जवळच्या मानचेंगला सापडली. जेडच्या तुकड्यांचा, सोन्याच्या तारेने शिवलेला पोशाख निघाला तो तिचाच. (यावर वेगळा धागा काढायला हवा, इथे मोह आवरतो.)

मधे सहाव्या शतकात उत्तर छी राजवटीने ही काउंटी मोडली. स्वी घराण्याने ५९६ मध्ये पुन्हा उभी केली. सुंग आणि जिन काळात ती आजच्या दिंगझोऊकडे बघायची. युआन म्हणजे मंगोल राजवटीत ती बाओदिंगखाली आली आणि तिथेच राहिली. मिंग आणि छिंग काळात पत्ता सरळ होता: बाओदिंग प्रीफेक्चर (म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग), झिली प्रांत. छिंगकाळात झिलीचा गव्हर्नर-जनरल बाओदिंगलाच बसायचा, त्यामुळे तांग ही आडबाजूची असली तरी सत्तेच्या दारातली काउंटी होती.

मुलाला सांगा, तांग राजघराण्याचं नाव या काउंटीवरून नाही. घराण्याचा संस्थापक ली युआन 'तांगचा ड्यूक' होता आणि तो तांग म्हणजे शान्शीतल्या ताय्युआनकडचा जुना प्रदेश. आपल्या काउंटीची ख्याती वेगळीच: पुराणकथेतला सम्राट याओ आधी इथला अधिपती होता, असं जुने टीकाकार लिहितात. शेजारच्या वांगदू काउंटीचं नाव तर पूर्वी छिंगदू होतं, याओच्या आईचं. अठराव्या शतकात छ्यानलोंग सम्राटाच्या काळात ते बदललं. शान्शीवाले मात्र याओ आमचाच म्हणतात. आपल्याकडे वाल्मीकींचा आश्रम किती गावांत आहे ते आठवा.

शेंगाचटणी:

बाप रे, एवढं! राजघराण्याचं एकदम सोपं झालं. पण मग तांग घराणं गेल्यावर हे नाव कोणाला खुपलं नाही?

नकाशेबाज:

खुपलं की! घराणं बुडाल्यावर आलेल्या ल्यांगांनी काउंटीला झोंगशान करून टाकलं. त्यांना हटवून जे आले ते स्वतःला तांगच म्हणवत होते, त्यांनी जुनं नाव परत आणलं. त्यांच्या पुढच्यांनी पुन्हा बदललं, ते गेल्यावर पुन्हा तांग. पन्नासएक वर्षांत हे सगळं. फलकावर नका घालू, मुलं हसत सुटतील.

शेंगाचटणी:

उलट तेच घालावंसं वाटतंय. बरं, १९४२?

पेठेतला_वाचक:

यावर जरा सावकाश, कारण एका ओळीचं उत्तर दिलं की ते अर्धवट होतं.

राजेशाही १९१२ मध्ये संपली. प्रजासत्ताकाने प्रीफेक्चर काढून टाकली आणि १९१४ पासून तांग बाओदिंग 'दाओ' या विभागाखाली गेली. १९२८ मध्ये झिलीचा हेबेई झाला आणि हे विभागही गेले. १९३७ च्या जुलैत जपानी आक्रमण झालं, काही महिन्यांत रेल्वेमार्ग आणि त्यावरची शहरं त्यांच्या हाती गेली. बाओदिंग पेकिंग-हानकोऊ लोहमार्गावर आहे, तेही गेलं.

म्हणजे १९४२ मध्ये एकाच जमिनीवर तीन दावे होते. चुंगकिंगला गेलेल्या, च्यांग कै-शेकच्या राष्ट्रीय सरकारच्या कागदांवर ही हेबेई प्रांताची काउंटी. जपान्यांच्या आश्रयाने चालणाऱ्या पेकिंगच्या उत्तर चीन राजकीय परिषदेच्या कागदांवरही हेबेईच, फक्त त्यांची. आणि डोंगरातल्या गावांत प्रत्यक्ष करवसुली, शाळा, न्याय आणि दवाखाना चालवत होतं ते शान्शी-चाहार-हेबेई सीमा प्रदेशाचं सरकार. ते १९३८ च्या जानेवारीत तांगच्या पश्चिमेला फूपिंग इथे स्थापन झालं. कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचं ते बळ, पण सुरुवातीला राष्ट्रीय सरकारनेही त्याला रीतसर मान्यता दिली होती. तुमच्या जुन्या मराठी लेखातला 'सीमा प्रदेश' तो हाच. तीन प्रांतांच्या सीमा भेटतात तिथला. आता त्यातला चाहार प्रांत उरलाच नाही, १९५२ मध्ये तो मोडून वाटून टाकला.

कोटणीस राहिले आणि गेले ते या तिसऱ्या कारभारात. सपाटीकडची तांग आणि डोंगरातली तांग यांचं आयुष्य त्या वर्षांत एक नव्हतं. जपानी तुकड्या डोंगरात मोहिमा काढायच्या, आणि इस्पितळ खेचरांवर लादून पुढच्या गावी जायचं.

चोळकरांच्या_गावचा:

नागपूरकर म्हणून एक ओळ: त्या पाचांत आमचे डॉ. चोळकरही होते. फलकावर अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी अशी पाचही नावं यावीत ही विनंती.

विषयाला धरून आणखी एक. तांग काउंटी फक्त कोटणीसांची नाही. बेथ्यूनही याच काउंटीत गेले. लाइयुआनच्या आघाडीवर शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, त्यातून रक्तात विष भिनलं, आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ह्वांगशीकोऊ गावात मृत्यू. सीमा प्रदेशाच्या लष्करी विभागाची आरोग्य शाळाही १९३९ च्या सप्टेंबरमध्ये याच काउंटीत न्यूयानगोऊ गावी सुरू झाली होती, तिला नंतर बेथ्यूनचं नाव दिलं. जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. शाळेत ते शल्यक्रिया शिकवत आणि त्यांच्या पत्नी गुओ छिंगलान परिचर्या. तेव्हा 'एका दुर्गम खेड्यात मृत्यू' असं जे सगळीकडे छापतात ते मला पटत नाही. शाळा, रुग्णालय, सैन्याचा तळ हे सगळं त्या दोन-तीन दऱ्यांत एकवटलं होतं.

शेंगाचटणी:

शेवटचा मुद्दा फार पटला. आमच्या मसुद्यात नेमकं 'दुर्गम खेडं'च होतं, खोडलं. पाचही नावं पहिल्या फलकावर आहेत, काळजी नसावी.

मग १९४२ पासून आजपर्यंत यायला काय काय लागलं?

नकाशेबाज:

तो भाग झटपट होईल. १९४९ मध्ये हेबेई प्रांत पुन्हा उभा राहिला आणि तांग बाओदिंग विशेष विभागाखाली आली. १९५८ च्या, माओच्या 'मोठ्या झेपे'च्या मोहिमेच्या धामधुमीत हेबेईत काउंट्या एकमेकींत मिसळायची लाट आली, दोन-तीन वर्षांत बऱ्याच पुन्हा सुट्या झाल्या. १९७० मध्ये विशेष विभागाचं नाव फक्त बदललं. १९९४ च्या अखेरीस बाओदिंग विभाग आणि बाओदिंग शहर एक करून आजचं मोठं बाओदिंग झालं. प्रांताची राजधानी १९६८ पासून शिजियाझुआंग. २०१७ मध्ये बाओदिंगच्याच तीन काउंट्या घेऊन श्युंगआन हे नवं क्षेत्र जाहीर झालं, पण तांग त्यात नाही.

म्हणून फलकावर '१९४२: बाओदिंग शहर' असं मुळीच लिहू नका. आजचं बाओदिंग १९९४ चं आहे.

खेचरवाला:

कामानिमित्त बाओदिंगला काही काळ होतो. मोटारगाड्यांचं शहर आहे, ग्रेट वॉल मोटरचं मुख्यालय तिथलं. तांगला एका रविवारी गेलो. काउंटीच्या ठाण्यात बेथ्यून आणि कोटणीस यांचं एकत्र स्मारक आहे. मी भारतीय म्हटल्यावर पहारेकऱ्याने 'के दिहुआ' म्हणून अंगठा दाखवला, हे कोटणीसांचं चिनी नाव.

आजची ओळख लिहायची तर दोन गोष्टी घ्या. एक, मेंढ्या. काउंटीत मेंढ्या पुष्ट करून विकण्याचा धंदा जोरात आहे. दुसरी, गरिबी. यानशान-तायहांग हा जो गरीब डोंगरपट्टा सरकारने ठरवला त्यात तांग होती. २०२० पर्यंत चीनने देशभरातल्या सगळ्याच काउंट्या त्या यादीतून काढल्या. सपाटीकडे चकाचक रस्ते, डोंगरात शिरलं की दगडी घरं आणि मका. आणि हो, शेजारच्या छूयांगचं दगडकाम फार नावाजलेलं आहे, पण ते तांगच्या नावावर खपवू नका, तिथले लोक रागावतात.

पेठेतला_वाचक:

खेचरवाले, नाव बाकी विषयाला साजेसं घेतलंत!

शेंगाचटणी:

सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदा असा करतेय: मृत्यूच्या नोंदीत 'गेगोंग, तांग काउंटी, हेबेई (शान्शी-चाहार-हेबेई सीमा प्रदेश)', आणि खाली कंसात 'आज बाओदिंगच्या अखत्यारीत'. समाधी वेगळ्या ओळीत. नावाच्या बदलाबदलीची गोष्ट एका चौकटीत, ती मी सोडणार नाही.

आता एकच राहिलं. नकाशावर टाचणी कुठे लावू? रेनहोऊला लावली तर चालेल का?

नकाशेबाज:

नको. रेनहोऊ सपाटीकडे, आणि गोष्ट सगळी डोंगरातली. दोन टाचण्या लावा: रेनहोऊला राखाडी, काउंटीचं ठाणं म्हणून, आणि जुनचेंगला लाल, 'पहिली समाधी' असं लिहून. तिसरी फूपिंगला चालेल. बाओदिंगवरून जाणारा लोहमार्ग जाड काळ्या रेघेने दाखवा, म्हणजे जपानी कुठे होते आणि दवाखाना डोंगरात का होता ते वेगळं सांगावं लागणार नाही.