मेडिकलवाले गोळी कशी घ्यायची ते नीट सांगतात का तुमच्याकडे?

मालवणी_माणूस: आईला थायरॉईडची गोळी चालू झालीय, मेडिकलमधल्या पोराने पट्टी कापून दिली, एक्स्पायरी कापलेल्या तुकड्यातच राहिली, पाकिटावर १-०-० (म्हणजे फक्त सकाळी एक) लिहिलं नि पुढचं गिऱ्हाईक, आई महिनाभर घावणे-चहा झाल्यावर घेत होती!!

खाडीपलीकडे: अरे ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा-पाऊण तास चहापण नाही. कॅल्शियमची गोळी असेल तर ४ तासांचं अंतर ठेव.

काऊंटरमागून: मी फार्मसिस्ट, कुडाळ. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सप्रमाणे पेशंटला समजावणं आमचं कामच आहे, पण गणपतीत चाकरमानी आले की श्वास घ्यायला फुरसत नसते, खोटं कशाला बोलू. तरी संधिवाताची मेथोट्रेक्सेट असेल तर सोडत नाही, ती आठवड्यातून एकदाच, रोज घेतली तर जिवावर बेतते. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'फक्त सोमवार' लिहितो आणि उलट विचारतो, आजी सांगा बघू कशी घेणार? "सोमवारी एक, मगे थेट फुडल्या सोमवारी" म्हणाली की मगच पाकीट हातात.

मालवणी_माणूस: हे उलट विचारणं भारी. आईची कॅल्शियम पण चालू आहे, दोन्ही एकदम घ्यायची 😐